आमच्या गाडीच्या इतिहासाची साधने

धुळे ही माझी सासुरवाडी असल्यामुळे लग्नापासूनच मला इतिहासाचा धाक आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावात देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. आमचे सासरे, म्हणजे नाना, त्या मंडळात नेमानं जाणारे. पुराव्यावाचून बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. रात्री पाऊस झाला असं कुणी म्हणालं, तरी अंगणात जाऊन माती चाचपून आल्याशिवाय ते मान डोलवत नसत.

अशा घरचा जावई या नात्यानं मीही थोडं दप्तर जमवलं आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवली आणि १८९८ पासून त्यांचे बावीस खंड काढले. माझी साधनं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतात. जळगावात अजिंठा चौफुलीजवळ ज्या मिस्त्रीकडे आमची फियाट वीसेक वर्षं जात होती, त्यानं सिगारेटच्या पाकिटांच्या पाठीवर लिहून दिलेल्या या चिठ्ठ्या. अक्षर मोडीपेक्षा कठीण आणि त्यावर ऑइलचे शिक्के. पण अस्सल!

कुठल्याही घराण्याच्या इतिहासाला मूळपुरुष लागतो. आमच्या गाडीचा मूळपुरुष सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या अमेरिकन घराण्यातल्या होत्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी नावं आणि देह असा की आमच्या गल्लीत एक शिरली असती तर गल्लीनंच बाहेर यायला हवं होतं. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशननं अहवाल दिला. सरकारचं धोरण ठरलं : नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी आपला गाशा गुंडाळावा, इथे गाडी खरोखर बनवणार असतील त्यांनीच राहावं. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ साली निघून गेली. मागे मोजकी घराणी उरली. कुर्ल्याला प्रीमियर, बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड.

१९५३ सालीच इटलीत फियाटची नवी ११०० बाजारात आली. तिचं माहेर तुरीन, आल्प्सच्या पायथ्याचं, हिवाळ्यात बर्फ पडणारं गाव. थोड्याच दिवसांत ती कुर्ल्याला सून म्हणून आली. पहिल्या गोलमटोल गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून पदवी दिली. मग अंग चौकोनी झालं, नावं बदलली आणि १९७४ मध्ये तिचं ‘प्रीमियर पद्मिनी’ असं बारसं झालं. इटलीत मात्र १९६९ सालीच तिची जागा १२८ या नव्या गाडीनं घेतली होती. म्हणजे इकडे आपण पेढे वाटत होतो तेव्हा माहेरी तिची वर्षश्राद्धंसुद्धा होऊन गेली होती.

यावर हसू येतं खरं. एकच गाडी तीस-चाळीस वर्षं, तीही नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून! बारशाच्या वेळी नंबर लावला तर मुंजीला गाडी यायची. पण नानांच्या पद्धतीनं पुरावा तपासला की दुसरी बाजूही दिसते. गाडी बदलत नव्हती, म्हणूनच जळगावापासून धुळ्यापर्यंतच्या प्रत्येक झाडाखालच्या मिस्त्रीला ती पाठ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, बॉनेट उघडलं की सगळी मंडळी पंगतीला बसल्यासारखी समोर. एकीचा वॉटर पंप दुसरीला बसे. आमची गाडी स्वस्तात चालली ती या अडाणी धोरणाच्या कृपेनं, हे मला मान्य करायलाच हवं.

आमची पद्मिनी मी १९८६ साली जुनी म्हणून घेतली. तिचे दोष कारखान्याच्या माथी मारणार नाही. वय तिचं होतं आणि अक्कल माझी होती. साधनांवरून तिच्या आयुष्याची तीन पर्वं पडतात.

पहिलं रेडिएटर पर्व. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. विहिरीचं पाणी इतकं जड की चहाच्या भांड्यालासुद्धा पांढरा थर बसतो. तेच पाणी मी दोन वर्षं रेडिएटरमध्ये ओतलं. आतल्या बारीक नळ्यांत क्षार साचले, पाणी फिरेना आणि गिरणेच्या पुलावर, बांभोरीलाच, बॉनेटमधून वाफेची शिट्टी झाली. मी उतरून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात मागून आलेल्या ट्रकचा क्लीनर ओरडला. तो ओरडला नसता तर आज हा लेख मी वेगळ्या चेहऱ्यानं लिहिला असता. ते झाकण कुकरच्या शिट्टीसारखं असतं. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांनाही उकळत नाही, पण झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. मिस्त्रीनं रेडिएटर उतरवला, नळ्यांतून सळ्या घालून क्षार खरवडले आणि पावसाचं साठवलेलं पाणी घालायला सांगितलं. मग त्यानं थर्मोस्टॅट काढून माझ्या हातावर ठेवला. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरायचं, हे त्याचं काम.

“तिकडे बर्फात लागतो तो,” मिस्त्री म्हणाला. “आपल्याकडे गाडी किल्ली लावायच्या आधीच गरम आहे.”

पुस्तकवाले याला नावं ठेवतात. इंजिन फार थंड चाललं तर पेट्रोल जास्त खातं, झिजतंही जास्त. खरं असेल. पण पुस्तकवाल्यांनी मे महिन्यात एरंडोल पाहिलेलं नसतं.

दुसरं पर्व हळदीचं आणि ओल्या फडक्याचं. रेडिएटरला बारीक भोक पडलं की त्यात मूठभर हळद टाकायची. ती भिजून फुगते आणि भोकात जाऊन बसते. वर्षभराची हळद उन्हाळ्यातच संपायला लागल्यावर आमच्या हिनं विचारलं, “अहो, ही वरणाला आणायची की गाडीला, ते एकदा सांगून टाका.” आणि भर दुपारी गाडी बंद पडली की पेट्रोल पंपावर ओलं फडकं. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते, वाफ ओढली जात नाही. फडक्यानं पंप निवला की गाडी पुन्हा चालू. तापकऱ्याच्या कपाळावर घडी ठेवतात त्यातलाच हा प्रकार. फडकं माझ्या जुन्या बनियनचं असे, त्यामुळे गाडीशी माझं अंगाअंगाचं नातं होतं.

तिसरं गॅस्केट पर्व. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि ऑइलचा रंग दूध घातलेल्या चहासारखा झाला, की पाणी ऑइलमध्ये उतरलं असं समजायचं. हेड काढून लेथवर सपाट करून आणलं, नवं गॅस्केट घातलं. मिस्त्री नट मधून बाहेरच्या बाजूला, एका ठरलेल्या क्रमानं, थोडे थोडे आवळत होता. मी म्हटलं, “एका टोकानं सुरू करून उरकून टाका की!” तो म्हणाला, “भाऊ, गाडीनं डोकं तपेल शे, तुम्हनं थंड ठेवा.”

धुळ्याला पोचलो की ठरलेला सोहळा असे. जावई आला म्हणून सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात येत. त्यांच्याही आधी नाना बादली घेऊन फाटकाशी उभे. मला ‘या’ म्हणायच्या आधी ते बॉनेटवर हात ठेवून बघत. “निवू द्या जरा जावईबापू, मग घालतो.” आधी गाडीला पाणी, मग जावयाला. मला राग येत असे.

आता डब्यातल्या एका चिठ्ठीविषयी. तिच्यावर खर्चाचा आकडा नाही. ‘पट्टा बदला’ एवढंच लिहिलेलं आहे. फॅनबेल्टला चिरा पडल्या होत्या. त्या एका पट्ट्यावर पंखाही फिरतो आणि पाण्याचा पंपही. पट्ट्याची किंमत पंचवीस-तीस रुपये. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. गाडी काटकसरीनं चालवतो असा माझा लौकिक होता, तो मला सांभाळायचा होता.

त्याच आठवड्यात धुळ्याहून निरोप आला : नानांच्या छातीत दुखतंय, लगेच या. दुपारी दोनला आम्ही निघालो. पाळधी, एरंडोल, पारोळा गेलं आणि पारोळ्याच्या पुढे पट्टा तुटला. काटा लालमध्ये, वाफ आकाशात. हिच्या तोंडून शब्द नाही. ती नुसती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पंक्चरवाल्यानं सायकलची जुनी ट्यूब कापून, दुहेरी पिळून, पुल्यांवर गाठ मारून दिली. पण रेडिएटर कोरडा पडला होता आणि पाणी कुठे नव्हतं. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेऊन एक बाई आली. कुठून आणत होती ते तिच्या पायांवरच्या धुळीवरून कळत होतं. हिच्याकडे एकदा बघून तिनं हंडा उतरवला. इंजिन निवेपर्यंत ती उन्हात थांबली आणि मग हळूहळू, एक थेंब न सांडता, अख्खा हंडा तिनं आमच्या गाडीत ओतला. मी खिशात हात घातला.

“पानीना पैसा कोनी लेस का?” ती म्हणाली आणि रिकामा हंडा घेऊन आली होती त्याच वाटेनं परत गेली.

तीन ठिकाणी थांबत आम्ही धुळ्याला पोचलो. नाना खाटेवर होते. डॉक्टर येऊन गेले होते, धोका टळला होता. आम्हाला बघून त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, “गाडीला पाणी घातलं का?”

त्या रात्री मी हिशेब मांडला. एवढी वर्षं गाडी मी स्वस्तात चालवतो असं सांगत होतो. तीत स्वस्त काय होतं? मिस्त्रीचे काळे झालेले हात स्वस्त होते, आणि एका बाईची भर उन्हातली पायपीट. माझे फक्त पंचवीस रुपये महाग होते. पट्टा मी दुसऱ्याच दिवशी घेतला, एक नव्हे दोन. दुसरा अजून डिकीत आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात. डिसेंबर १९८३ मध्येच मारुती आली होती. तिनं हळूहळू रस्ते घेतले आणि शतक उलटताना पद्मिनीचं उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचं पाच हजार झालं. मुलगा म्हणतो, “बाबा, भंगारात द्या.” त्याचा हिशेब बरोबर आहे. मिस्त्री आता नाही, त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे आणि मी अजून निर्णय घेतलेला नाही. साधनं अपुरी आहेत, असं सांगून वेळ मारून नेतो.

मागच्या उन्हाळ्यात मुलाच्या नव्या गाडीतून धुळ्याला गेलो. रुंद रस्ता, आत एसी, काटा मध्यावरून हलला नाही. नाना जाऊन बरीच वर्षं झाली. फाटकाशी मेहुणा उभा होता, हातात बादली.

“अरे, हिला लागत नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” तो ओशाळून म्हणाला, “पण तुमची गाडी वाजली की हात नळाकडे जातो.”

मी बादली घेतली आणि चपला काढून तिथेच पायांवर पाणी घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरी माझा नंबर गाडीच्या आधी लागला होता.