मतें कोणीं मोजावीं? अमेरिकेंतील १८७६ ची अध्यक्ष-निवडणूक

व्याकरणांतील एका साध्या कर्मणि प्रयोगामुळें एखादें राष्ट्र यादवीच्या उंबरठ्याशीं येऊन उभें राहिलें, असें सांगितलें तर कोणाचा चटकन् विश्वास बसणार नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८७६-७७ च्या हिवाळ्यांत असाच प्रसंग ओढवला. अध्यक्षाच्या निवडणुकीसंबंधीं तेथील राज्यघटनेंत असें सांगितलें आहे कीं, संस्थानांकडून आलेले मतांचे लखोटे सिनेटच्या अध्यक्षानें दोन्ही सभागृहांच्या समक्ष उघडावेत, आणि मग मतें मोजलीं जावींत. लखोटे कोणीं उघडावयाचे हें स्पष्ट लिहिलें आहे. मतें कोणीं मोजावयाचीं हें मात्र लिहिलेलें नाहीं. कर्मणि प्रयोगांत कर्ता गाळला तरी वाक्य शुद्धच राहतें. राज्यकारभारांत कर्ता गाळला म्हणजे काय होतें, हें अमेरिकन लोकांनीं त्या चार महिन्यांत कधीं हंसत, कधीं कपाळाला हात लावून पाहिलें.

त्या वर्षीं अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षें पूर्ण झालीं होतीं. फिलाडेल्फिया येथें शताब्दीचें मोठें प्रदर्शन भरलें होतें, आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचें दूरध्वनीचें यंत्र तेथें कौतुकाचा विषय झालें होतें. बाहेरून सोहळा असा थाटाचा असला, तरी घरांत दुही होती. गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर व दक्षिण यांच्यांत पेटलेलें यादवी युद्ध संपून अवघीं अकरा वर्षें लोटलीं होतीं. १८६५ मध्यें गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, आणि १८७० मध्यें घटनेला पंधरावी दुरुस्ती जोडली जाऊन, वर्णाच्या कारणावरून कोणाही नागरिकाचा मताचा हक्क हिरावून घेतां येणार नाहीं, असें ठरलें. कालपर्यंत बाजारांत विकला जाणारा माणूस आज मतपेटीपुढें उभा राहूं लागला. दक्षिणेंतील जुन्या मळेवाल्यांना हें दृश्य सहन होण्यासारखें नव्हतें. दुसऱ्या बाजूला, लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला दीर्घ सत्तेचा मद चढला होता. अध्यक्ष ग्रँट स्वतः पैशाला शिवणारे नव्हते. पण त्यांच्या भोंवतालच्या मंडळींनीं लांचलुचपतीचा कहर मांडला होता.

मौज अशी कीं, दोन्ही पक्षांनीं उभे केलेले उमेदवार निष्कलंक म्हणून नांवाजलेले होते. रिपब्लिकन पक्षाचे रदरफोर्ड हेज हे ओहायोचे गव्हर्नर. युद्धांत अनेकदां जखमी झालेले, शांत आणि सरळ वृत्तीचे गृहस्थ. डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युएल टिल्डन हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर. अविवाहित, श्रीमंत, प्रकृतीनें नाजूक पण बुद्धीनें तल्लख असे वकील. न्यूयॉर्क शहराची तिजोरी धुऊन नेणाऱ्या ट्वीड नांवाच्या पुढाऱ्याच्या टोळीला उखडून काढण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. अशा दोन सज्जनांच्या नांवानें जी निवडणूक लढविली गेली, ती अमेरिकेच्या इतिहासांतील अत्यंत लबाडीच्या निवडणुकींत गणली जाते.

प्रचाराची तऱ्हाही पाहण्यासारखी होती. रिपब्लिकन वक्ते युद्धांतील हुतात्म्यांची आठवण देऊन मतें मागत. याला लोक थट्टेनें ‘रक्ताळलेला सदरा फडकविणें’ असें म्हणत. दक्षिण कॅरोलिनांतील गोऱ्या डेमोक्रॅटांनीं ही थट्टा एक पाऊल पुढें नेली. त्यांनीं खरोखरीच लाल सदरे शिवून घेतले आणि ते घालून, बंदुका घेऊन, घोड्यांवरून मिरवणुकी काढल्या. विनोदानें घातलेला हा पोशाख पाहतां पाहतां दहशतीचा गणवेश बनला. त्याच संस्थानांत हँबर्ग या गांवीं ८ जुलै १८७६ रोजीं सशस्त्र गोऱ्या जमावानें कृष्णवर्णीय रक्षकदलावर हल्ला केला, आणि शरण आलेल्यांपैकीं कित्येकांना गोळ्या घालून ठार केलें. मतपत्रिका त्या काळीं सरकार छापीत नसे; प्रत्येक पक्ष आपापली चिठ्ठी छापून वांटीत असे. तेव्हां ज्यांना वाचतां येत नव्हतें, अशा नव्या मतदारांसाठीं कांहीं ठिकाणीं डेमोक्रॅटांनीं आपल्या चिठ्ठ्यांवर चक्क लिंकनचें चित्र छापलें. मुक्तिदात्याच्या चित्राकडे पाहून भाविकपणें टाकलेलें मत त्याच्या विरोधकांच्या पदरांत पडावें, अशी ही युक्ति होती. उलट पक्षीं रिपब्लिकनांच्या हातीं दक्षिणेंतील तीन संस्थानांची सरकारी यंत्रणा होती, आणि तिचा उपयोग करण्यांत त्यांनींही कसूर केली नाहीं. दक्षिण कॅरोलिनांत तर पात्र मतदारांच्या संख्येहून पडलेलीं मतेंच अधिक भरलीं!

७ नोव्हेंबर रोजीं मतदान झालें. शंभरांतील ऐंशींहून अधिक मतदारांनीं मत दिलें. हें प्रमाण तेथें पुन्हां कधींही गांठलें गेलेलें नाहीं. रात्रीं न्यूयॉर्क, इंडियाना हीं मोठीं संस्थानें टिल्डन यांच्याकडे गेल्याच्या तारा आल्या, आणि हेज हे आपण हरलों असें समजून शांतपणें झोंपीं गेले. परंतु न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत, रिपब्लिकन पक्षाच्या ओस पडलेल्या कचेरींत, जनरल सिकल्स नांवाचा युद्धांत एक पाय गमावलेला सेनानी आंकडे चाळीत बसला. त्याच्या ध्यानांत आलें कीं, दक्षिण कॅरोलिना, फ्लोरिडा आणि लुइझियाना हीं तीन संस्थानें हातचीं सोडलीं नाहींत, तर बाजी अजून पलटवितां येईल. त्यानें तेथील पक्षनायकांना तारा ठोकल्या. पहाटे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे एक संपादक जॉन रीड हेही तोच हिशेब घेऊन धांवत आले, आणि पक्षाध्यक्ष चँडलर यांना त्यांनीं अंथरुणांतून उठविलें. त्याच दिवशीं चँडलर यांनीं जाहीर केलें कीं, हेज यांना १८५ मतें मिळालीं असून ते निवडून आले आहेत. मतमोजणी पुरी होण्यापूर्वींच निकाल लागला तो असा.

हा १८५ चा आंकडा नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकेंत अध्यक्षाची निवड प्रत्यक्ष लोकमतानें होत नाहीं. प्रत्येक संस्थान ठराविक संख्येचे निर्वाचक निवडतें आणि ते मतें देतात. त्या वर्षीं एकूण निर्वाचक ३६९, म्हणजे बहुमताला १८५ हवे होते. टिल्डन यांना निर्विवाद अशीं १८४ मतें मिळालीं आणि हेज यांना १६५. जनतेच्या मतांतही टिल्डन सुमारें अडीच लाखांनीं पुढें होते. उरलीं वीस मतें वादांत सांपडलीं : लुइझियानाचीं आठ, दक्षिण कॅरोलिनाचीं सात, फ्लोरिडाचीं चार आणि दूरच्या ऑरेगनचें एक. टिल्डन यांना या विसांपैकीं एकच मत पुरेसें होतें. हेज यांना मात्र विसांच्या वीस हवीं होतीं.

लुइझियानांत मतें तपासणाऱ्या मंडळानें डेमोक्रॅटांची सुमारें तेरा हजार मतें दहशतीच्या कारणास्तव रद्द केलीं, आणि टिल्डन यांचें आधिक्य नाहींसें झालें. दहशत होती हें खरें. पण हें मंडळ निकाल विकावयास निघालें आहे, अशी बोलवाहि होती. ऑरेगनमधील एक रिपब्लिकन निर्वाचक पोस्टमास्तर निघाला. सरकारी नोकरानें निर्वाचक होऊं नये असा घटनेचा नियम. म्हणून तेथील डेमोक्रॅट गव्हर्नरानें त्याच्या जागीं आपल्या पक्षाचा माणूस बसविला. अशा रीतीनें चारही संस्थानांतून परस्परविरोधी प्रमाणपत्रें वॉशिंग्टनला पोंचलीं. फ्लोरिडानें तर तीन पाठविलीं.

आतां तो गाळलेला कर्ता आठवला. सिनेटचे हंगामी अध्यक्ष रिपब्लिकन होते. मोजण्याचा अधिकार त्यांचा मानला तर हेज विजयी. प्रतिनिधिगृहांत डेमोक्रॅटांचें बहुमत होतें. अधिकार सभागृहांचा मानला तर टिल्डन विजयी. कायद्याचे मोठमोठे पंडित घटनेच्या त्या एका वाक्याचा अन्वय लावूं लागले, आणि प्रत्येकाचा अन्वय नेमका त्याच्या पक्षाला सोयीचा निघूं लागला! ‘टिल्डन नाहीं तर रक्त’ अशा आरोळ्या कांहीं सभांतून उठल्या. खुद्द टिल्डन मात्र शांत होते. त्यांनीं अनुयायांना हिंसेची परवानगी दिली नाहीं. पूर्वीच्या निवडणुकींत मतें कशीं मोजलीं गेलीं याचा एक सविस्तर इतिहास तयार करण्यांत त्यांनीं महिनाभर घालविला. अनुयायी तलवारीला हात घालीत होते आणि नेता टिपणें काढीत होता. त्या वेळीं लोक यावर चिडले व हंसले. पण देशावरील दुसरें यादवी युद्ध टळण्याचें तें एक कारण होतें.

अखेर जानेवारीच्या शेवटीं पंधरा जणांचें एक निवाडा मंडळ कायद्यानें नेमण्यांत आलें. पांच सिनेटर, पांच प्रतिनिधि आणि सर्वोच्च न्यायालयाचे पांच न्यायाधीश. त्यांत सात रिपब्लिकन, सात डेमोक्रॅट, आणि पंधरावे न्यायमूर्ति डेव्हिड डेव्हिस हे कोणत्याही पक्षाचे नव्हेत, असा बेत होता. तीनशें पौंडांहून अधिक वजनाच्या या न्यायमूर्तींवर साऱ्या राष्ट्राचा तराजू तोलला जाणार होता. परंतु कायदा मंजूर होत असतांनाच इलिनॉय संस्थानांतील डेमोक्रॅटांनीं त्यांना सिनेटवर निवडून दिलें. या उपकारानें ते आपले होतील असा त्यांचा कयास असावा. डेव्हिस यांनीं सिनेटची जागा पत्करली आणि मंडळावर बसण्याचें नाकारलें. उरलेले सर्व न्यायाधीश रिपब्लिकन होते. त्यांतून न्यायमूर्ति ब्रॅडली यांची निवड झाली, आणि प्रत्येक वादाचा निकाल आठ विरुद्ध सात असा लागत गेला. वीसच्या वीस मतें हेज यांना मिळालीं.

डेमोक्रॅटांनीं प्रतिनिधिगृहांत वेळकाढूपणा आरंभिला. ४ मार्च ही नव्या अध्यक्षाच्या अधिकारग्रहणाची तारीख जवळ येत चालली, आणि पडद्याआड तडजोडी सुरू झाल्या. २६ फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलांत हेज यांचे मित्र आणि दक्षिणेंतील डेमोक्रॅट पुढारी एकत्र बसले. दक्षिणेंतील रिपब्लिकन सरकारांना लष्कराचा आधार यापुढें मिळणार नाहीं, तुम्ही मोजणी पुरी होऊं द्या, असा त्या बोलण्याचा मथितार्थ होता. ज्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांच्या संरक्षणाचा सौदा झाला, त्याचे मालक जेम्स वर्मली हे स्वतः कृष्णवर्णीय होते! २ मार्चच्या पहाटे मोजणी संपली : हेज १८५, टिल्डन १८४. चार तारखेला रविवार येत होता आणि दंग्याची भीति होती, म्हणून शनिवारीं रात्रीं भोजनाच्या निमित्तानें हेज यांना ग्रँट यांच्या घरीं बोलावून गुपचूप शपथ देण्यांत आली.

मग विनोदाला भरती आली. ‘हिज एक्सलन्सी’ या मानाच्या संबोधनाऐवजीं विरोधी पत्रें हेज यांना ‘हिज फ्रॉड्युलन्सी’, म्हणजे ‘कपटमहर्षि’ म्हणूं लागलीं. रिपब्लिकन पक्षाला हत्तीचें रूप देणारे प्रसिद्ध व्यंगचित्रकार टॉमस नॅस्ट हे त्याच पक्षाचे अभिमानी होते. पण त्यांनींहि मार्च महिन्यांत जें चित्र काढलें, त्यांत तो हत्ती जागोजाग पट्ट्या बांधलेला, असा आणखी एखादा विजय मिळाला तर आपण संपलोंच म्हणून विव्हळणारा दाखविला. पुढें १८७८ मध्यें ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’नें कांहीं सांकेतिक तारांचा उलगडा करून छापला, तेव्हां टिल्डन यांच्या भाच्यानें दक्षिणेंतील मतें विकत घेण्याची घासाघीस चालविली होती, असें उघडकीस आलें. चोरी झाली म्हणून गळा काढणाऱ्याच्या घरींच चोरीचा बेत शिजत होता. दोन्ही पक्षांचीं तोंडें बंद झालीं.

परंतु हंसणें सर्वांनाच परवडण्यासारखें नव्हतें. एप्रिल १८७७ मध्यें दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियाना येथील सरकारी कचेऱ्यांजवळचें लष्कर हलविण्यांत आलें, आणि तीं सरकारें कोसळलीं. कृष्णवर्णीय मतदारांना निर्भयपणें मत देतां आलें असतें, तर तीं संस्थानें मुळांतच हेज यांना मिळालीं असतीं, असें अनेक इतिहासकारांचें मत आहे. म्हणजे ज्यांच्या मतांच्या बळावर हेज यांचा हक्क उभा होता, त्यांच्याच संरक्षणाची किंमत देऊन तो पदरांत पाडून घेण्यांत आला. हेज यांनीं दक्षिणेंतील पुढाऱ्यांकडून हक्करक्षणाचीं आश्वासनें घेतलीं होतीं. तीं पाळलीं गेलीं नाहींत. लुइझियानांत १८९६ मध्यें १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. नवीन नियमांनंतर १९०४ मध्यें ते १,३४२ उरले. हा हक्क खऱ्या अर्थानें परत मिळण्यास १९६५ चा मतदान-हक्काचा कायदा यावा लागला.

महाराष्ट्राशीं या कथेचा एक हृद्य संबंध आहे. १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ पुण्यांत प्रसिद्ध केला, आणि निग्रो दास्य नष्ट करण्यासाठीं अमेरिकन लोकांनीं दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल तो त्यांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनींहि शूद्रांच्या मुक्तीसाठीं तोच कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती. त्या अर्पणपत्रिकेला चार वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच हा सौदा झाला. जोतीरावांची स्तुति खोटी ठरली असें नव्हे. गुलामगिरी खरोखरच गेली होती. परंतु बेडी तोडणाऱ्या राष्ट्राला पुढील रखवाली करण्याचा कंटाळा आला.

त्या गाळलेल्या कर्त्याचें पुढें काय झालें? १८८७ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें मतमोजणीचा कायदा केला. पण तो इतका किचकट होता कीं, संदिग्धता उरलीच. ६ जानेवारी २०२१ रोजीं मोजणी चालूं असतांना एक जमाव काँग्रेसच्या इमारतींत घुसला, त्याच्या थोडें आधीं कांहीं सिनेटरांनीं १८७७ च्या मंडळाचाच दाखला देऊन तसें मंडळ पुन्हां मागितलें होतें. त्यानंतर २०२२ मध्यें कायदा सुधारून, लखोटे उघडणाऱ्याचें काम केवळ औपचारिक आहे, निकाल ठरविण्याचा अधिकार त्याला नाहीं, असें स्पष्ट करण्यांत आलें. एका वाक्यांतील त्रुटि दुरुस्त होण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं.

मतें कोणीं मोजावीं, हा वाद १८७७ मध्यें पंधरा विद्वानांनीं महिनाभर घातला. ज्यांना मत द्यावयास येऊंच दिलें नाहीं, त्यांचीं मतें कोणीं मोजावयाचीं, हा प्रश्न मात्र त्या मंडळापुढें आलाच नाहीं. वर्मली हॉटेलांतील बैठकींतहि त्यांच्या वतीनें बोलणारा कोणी नव्हता.