परसातला वीजखांब: जमीनमालकाचे हक्क आणि मर्यादा

गोव्यातील गावांत रस्ते अरुंद आणि घरे विखुरलेली. त्यामुळे विजेचा खांब अनेकदा रस्त्याच्या कडेला न राहता कुणाच्या परसात, कुळागरात किंवा कुंपणाच्या आत उभा असतो. घर जुने आहे तोवर त्याचे कुणाला काही वाटत नाही. घराची पुनर्बांधणी, वाटणी किंवा विक्री निघाली की मात्र तोच खांब आडवा येतो आणि वाद सुरू होतो.

खांब उभारला म्हणून त्याखालची जमीन वीज खात्याच्या मालकीची होत नाही. खात्याला मिळतो तो केवळ वापराचा हक्क. मात्र जमीन आपली म्हणून खांब उपटण्याचा, तार तोडण्याचा किंवा ताणाची तार सोडवून ठेवण्याचा अधिकारही मालकाला नाही. वीज यंत्रणेची नासधूस हा वीज कायदा, २००३ खाली दंडनीय अपराध आहे.

मालकाचा खरा आधार आहे तो याच कायद्याच्या कलम ६७ खाली केंद्र सरकारने २००६ साली केलेल्या, परवानाधारकांच्या कामांविषयीच्या नियमांत. ज्या जमिनीत पूर्वी कायदेशीररीत्या वाहिनी टाकलेली नाही, तेथे नवे काम करण्यापूर्वी मालकाची किंवा ताबेदाराची संमती घ्यावी लागते. त्याने हरकत घेतली तर खात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची अथवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळवावी लागते. कनिष्ठ अभियंत्याने मजूर घेऊन येणे आणि मालक मुंबईत असताना खड्डा खणणे ही त्याला पर्यायी पद्धत नव्हे. ‘किंवा ताबेदार’ हे शब्द गोव्यात विशेष महत्त्वाचे ठरतात. एका घराचे डझनभर सहहिस्सेदार, त्यांतले काही परदेशी, असे चित्र येथे नित्याचे आहे. प्रत्यक्ष राहणाऱ्याचे म्हणणे म्हणूनच दुर्लक्षिता येत नाही.

खांब आधीच उभा असेल तरीही दार बंद होत नाही. पुरेसे कारण दाखवल्यास जिल्हा दंडाधिकारी तो हलवण्याचा वा बदलण्याचा लेखी आदेश देऊ शकतात, आणि आदेश देताना भरपाई, वार्षिक भाडे किंवा दोन्ही ठरवू शकतात. भाड्याची ही तरतूद बहुतेक जमीनमालकांच्या कानावरही आलेली नसते. आदेश मान्य नसल्यास संयुक्त वीज नियामक आयोगाकडे पुनरीक्षण मागता येते. गोव्यासाठीच्या या आयोगाचे कार्यालय हरियाणात गुरुग्रामला आहे. काणकोण किंवा सत्तरीतल्या माणसाला ते किती जवळचे, हा भाग वेगळा.

गोव्यात वीजवितरण सरकारी खात्याकडे असल्याने हे नियम त्याला लागू नाहीत, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. वितरण करणारे सरकारही कायद्याच्या कलम १४ नुसार परवानाधारकच मानले जाते.

अपवाद आहे तो कलम १६४ चा. या कलमाखाली सरकार एखाद्या संस्थेला जुन्या तार कायद्यातील अधिकार लेखी आदेशाने देऊ शकते. असे अधिकार मिळालेल्या संस्थेला मालकाच्या संमतीची गरज उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अखेरीस सेंच्युरी टेक्स्टाइल्स प्रकरणात स्पष्ट केले. उच्चदाबाचे मोठे मनोरे बहुधा याच मार्गाने उभे राहतात. तेथे मालकाची लढाई भरपाईपुरती उरते. ६६ केव्ही व त्यावरील पारेषण वाहिन्यांसाठी केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सुचवली आहे. परसातल्या खांबाला हे दर लागू नाहीत. म्हणूनच काम नेमके कोणत्या आदेशाखाली चालले आहे, हे मालकाने पहिल्याच दिवशी लेखी विचारावे.

नवे घर बांधताना तारांपासूनचे अंतर पाहावे लागते. केंद्रीय सुरक्षा नियमांनुसार घरगुती दाबाच्या तारेपासून छपरापर्यंत उभे अंतर किमान २.५ मीटर आणि भिंतीपर्यंत आडवे अंतर १.२ मीटर हवे. ११ केव्ही वाहिनी असेल तर उभे अंतर ३.७ मीटर. एवढी जागा सुटत नसेल तर बांधकामापूर्वी खात्याला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी सूचना द्यावी. मूळ वाहिनी नियमानुसार टाकली होती का, आणि हलवण्याचा खर्च कुणी सोसायचा, हे त्यानंतर तपासले जाते. खर्चाचे अंदाजपत्रक हाती पडताच पैसे भरून मोकळे होण्याऐवजी संमतीची जुनी कागदपत्रे आधी मागावीत. संमतीचा कागद नसेल, तर खर्च कुणाचा हा प्रश्न खुला राहतो.

झाडांचा नियम साधा आहे. वाहिनी येण्यापूर्वीचा माड किंवा फणस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने तोडला गेला, तर वाजवी भरपाई मिळते. तारांखाली नंतर लावलेल्या झाडाला ती नाही. पावसाळ्यापूर्वीच्या फांदीतोडीत हा भेद सहसा कुणी विचारात घेत नाही.

दूरसंचाराचे खांब व मनोरे २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली येतात. खासगी जागेसाठी तेथे करार आणि परस्परांत ठरलेला मोबदला हा मुख्य मार्ग असून, जनहिताचे कारण देऊन केंद्र सरकार त्यापुढे जाऊ शकते.

अर्ज करताना सर्वेक्षण आराखड्यावर खांबाची जागा दाखवावी आणि नमुना १ व १४ चा उतारा जोडावा. अनेकदा मोजणीनंतर खांब रस्त्याच्याच हद्दीत निघतो आणि पुढे सरकलेले असते ते कुंपण.