कलम ४४, पहिले पोटकलम

ऑस्ट्रेलियाच्या १९०१च्या संविधानातले हे एका वाक्याचे पोटकलम. शंभर वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. २०१७मध्ये मात्र त्याने उपपंतप्रधानांनाच घरी बसवले.

‘परकीय सत्तेशी निष्ठा, आज्ञापालन वा बांधिलकी मान्य केलेली व्यक्ती’

हा भाग माणसाच्या वागण्याविषयी आहे. आपल्या अनुच्छेद १०२मध्येही त्याची सावली दिसते. खटले गाजले ते पुढच्या शब्दांवरून.

‘किंवा तिची प्रजा वा नागरिक असलेली’

आपल्या अनुच्छेदात परदेशी नागरिकत्व ‘स्वेच्छेने’ घेतलेले असावे लागते; इथे ती अट नाही. त्यामुळे कोण कुणाचा नागरिक, हे दुसऱ्याच देशाचा कायदा ठरवतो. उपपंतप्रधान बार्नबी जॉइस ऑस्ट्रेलियातच जन्मले, पण वडील न्यूझीलंडचे, म्हणून तेही जन्मतःच न्यूझीलंडचे नागरिक. मला ठाऊकच नव्हते, ही सबब उच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०१७ रोजी फेटाळली. न्यायालयापुढे आलेल्या सात जणांपैकी पाच अपात्र ठरले. गंमत अशी, की हे कलम लिहिणारे स्वतः ब्रिटिश प्रजाजन होते आणि ब्रिटन ही ‘परकीय सत्ता’ असल्याचा निवाडा यायला १९९९ उजाडले.

‘किंवा तिच्या नागरिकाचे हक्क वा सवलती मिळण्यास पात्र’

त्या सातांतल्या सिनेटर निक झेनोफोन यांच्याकडे वडिलांमुळे एक दुय्यम ब्रिटिश दर्जा होता. त्यात ब्रिटनमध्ये राहण्याचाही हक्क नव्हता, म्हणून ते वाचले. हे शब्द ताणून गोव्याला लावले, तर १९६१पूर्वी पोर्तुगीज राजवटीत तिथे जन्मलेल्यांच्या, पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क असलेल्या किती मुला-नातवंडांना उमेदवारी अर्ज भरता येईल? आपल्याकडे वाद निराळा आहे: लिस्बनमधली जन्मनोंदणी म्हणजे ‘स्वेच्छेने’ नागरिकत्व घेणे का? गोव्यात तो आमदारांपर्यंत पोचला आहे.

‘निवडून येण्यास वा सभागृहात बसण्यास अपात्र’

‘निवडून येणे’ न्यायालयाच्या मते उमेदवारी अर्जापासून सुरू होते. २०१७च्या अखेरीस दोन्ही सभागृहांनी नागरिकत्वाची जाहीर नोंद सक्तीची केली. स्वतःचे, आईवडिलांचे, आजीआजोबांचे जन्मस्थळ लिहायचे. परके नागरिकत्व कधी, कसे सोडले तेही. प्रश्न आजीपर्यंत नेला, हे या नोंदीचे खरे शहाणपण. नुसते ‘दुहेरी नागरिकत्व आहे का?’ असे विचारले असते, तर जॉइस यांनी प्रामाणिकपणे ‘नाही’च लिहिले असते.

पण खरे सांगितल्याने पात्रता येत नाही. सिनेटर केटी गॅलहर यांनी अर्ज भरण्याआधीच, एप्रिल २०१६मध्ये, ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याची कागदपत्रे धाडली होती. ब्रिटनने त्यांची नोंद ऑगस्टमध्ये केली. मतदान जुलैतच उरकले होते. ९ मे २०१८ रोजी त्या अपात्र ठरल्या. दुसऱ्या देशातल्या कारकुनाच्या सवडीवर इथली जागा टांगून ठेवणे मला न्याय्य वाटत नाही; मजकूर मात्र न्यायालयाच्याच बाजूचा आहे. त्याच दिवशी अशाच अडचणीतल्या चार खासदारांनी राजीनामे जाहीर केले. जुलैतल्या पोटनिवडणुकांत मतदारांनी चौघांनाही पुन्हा संसदेत पाठवले.