मॉरिस घराणे (वेल्स)
वेल्सच्या वायव्येकडील अँगल्सी बेटावरचे, अठराव्या शतकात वेल्श भाषेच्या पुनरुज्जीवनास कारणीभूत झालेले प्रसिद्ध बंधुकुल. पिता मॉरिस प्रिचर्ड हे सुतारकाम व धान्यव्यापार करणारे गृहस्थ. पित्याचे नाव पुत्राने लावावे या जुन्या वेल्श रिवाजानुसार त्यांचे व्यक्तिनाम मुलांचे आडनाव झाले.

ज्येष्ठ पुत्र लुइस (१७०१–६५) हा जमीनमोजणी, जकातखाते व सरकारी खाणींची देखरेख यांत आयुष्य वेचूनही, आणि खाणींच्या मालकीवरून उद्भवलेल्या तंट्यात कारावास सोसूनही, कविता व पुराणसंशोधन यांत अखंड रमला. वेल्सच्या किनाऱ्याची त्याची सर्वेक्षणे १७४८ मध्ये प्रसिद्ध झाली. रिचर्ड (१७०३–७९) याने लंडनमध्ये आरमाराच्या दफ्तरात कारकुनी करीत वेल्श बायबलच्या आवृत्त्या संपादिल्या आणि १७५१ मध्ये ‘कम्रोडोरियन’ ही संस्था स्थापिली. विल्यम (१७०५–६३) होलीहेड बंदरात जकात अधिकारी होता व वनस्पतिशास्त्राचा व्यासंगी होता. खलाशी जॉन १७४० मध्येच निवर्तला.

तथापि या घराण्याची खरी दौलत म्हणजे भावाभावांतील पत्रव्यवहार होय: बाजारभाव, आजारपणे, खमंग कुचाळक्या आणि छंदःशास्त्र यांची त्यात झालेली सरमिसळ इतकी जिवंत आहे की, लुइसच्या कवितेहून त्याचे गद्यच सरस मानावे लागते. गोरोन्वी ओवेन या श्रेष्ठ परंतु बेशिस्त कवीस या बंधूंनी आश्रय दिला आणि यथेच्छ बोलही लावले.

लुइसचा पणतू सर लुइस मॉरिस (१८३३–१९०७) याने मात्र कीर्ती मिळविली ती इंग्रजी कवितेत.