फिरता ठेवलेला कॉक

गेल्या हिवाळ्यात आमच्या मशिदीच्या वजूखान्यातला गरम पाण्याचा पंप गळू लागला. प्लंबरने पंपाच्या आधीचा कॉक बंद करायला घेतला, पण तो जागचा हलेना. बसवल्यापासून त्याला कुणी हातच लावला नव्हता. अखेर एवढ्याशा दुरुस्तीसाठी सगळी टाकी गटारात सोडावी लागली. वजू करताना पाणी वाया घालवू नये, हे लहानपणापासून ऐकत आलेले आम्ही सगळे नुसते बघत उभे होतो.

त्यानंतर मी या कॉकचा इतिहास वाचू लागलो. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या बोस्कोरेआले येथील एका रोमन घरात स्नानगृहाचा शिशाचा बंब सापडला. त्याच्या नळ्यांवर कांस्याचे कॉक होते. आरपार भोक असलेला गट्टू फिरवला की पाणी सुरू, आणखी पाव वळसा दिला की बंद. आजचा बॉल व्हॉल्व्ह याच तत्त्वावर चालतो.

नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी आपल्या यंत्रांच्या ग्रंथात शंकूच्या आकाराचे व्हॉल्व्ह वापरले. 1206 मध्ये अल-जझारीने आमिद, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबाकर येथे आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात वजूसाठी पाणी देणारी यंत्रेही आहेत. त्याचे हत्तीचे घड्याळ आपण कौतुकाने एकमेकांना पाठवतो. पण त्याच ग्रंथात तो एक साधी गोष्टही सांगतो: व्हॉल्व्हचा गट्टू आणि त्याची बैठक कुरुंदाची पूड घालून एकमेकांवर घासा, म्हणजे पाणी झिरपणार नाही. मला हे वाक्य घड्याळापेक्षा मोठे वाटते. कारण ते कारागिराच्या हाताचे आहे.

आजच्या हॉट टबमध्ये पंपाच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असतात. ते बंद केले की टब रिकामा न करता पंप काढता येतो. मात्र आधी वीज बंद करावी, आणि पंप पुन्हा सुरू करण्यापूर्वी दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत. नाहीतर पाण्याविना फिरून पंपाचे सील जळते. गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवू नये, त्याची पाती झिजते. आणि पाणी जड असेल तर न फिरवलेल्या कॉकवर क्षार बसून तो जाम होतो.

हाच नियम आमच्या वजूखान्याला लागू होता. पूर्वजांचा अभिमान आमच्याकडे भरपूर होता, कॉक फिरवणारा हात मात्र नव्हता. आता दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला नमाजनंतर एक मुलगा सगळे कॉक एकदा बंद करतो आणि पुन्हा उघडतो. पाच मिनिटांचे काम आहे. अल-जझारीचा वारसा सांगायचा तर मला आधी ही पाच मिनिटे आठवतात.