उज्जवायूचा नळांतून प्रवास

हायड्रोजन, म्हणजे आपल्या जुन्या शास्त्रीय पुस्तकांतील उज्जवायु, हें उद्यांचें इंधन होय असें हल्लीं वारंवार ऐकूं येतें. तो नळांतून दूरवर न्यावा ही कल्पनाही नवी म्हणूनच सांगितली जाते. परंतु, श्रोतेहो, ती नवी नाहीं. आपल्या पूर्वजांच्या काळीं मुंबईच्या रस्त्यांखालून हा वायु वाहत होता. मात्र तो दुसऱ्या वायूंत मिसळलेला होता आणि त्याचें नांव निराळें होतें.

दगडी कोळसा बंद भट्टींत तापविला म्हणजे जो वायु निघतो, त्यांत आकारमानानें जवळजवळ निम्मा उज्जवायु असतो. हाच तो दिव्यांचा ग्यास. 1812 सालीं लंडनमध्यें तो पुरविण्यासाठीं सनदी कंपनी निघाली आणि 1813 च्या अखेरच्या रात्रीं वेस्टमिन्स्टरचा पूल त्याच्या दिव्यांनीं उजळला. 1865 सालीं मुंबईंतही ग्यासचे दिवे लागले. लोखंडी नळांतून हा मिश्र वायु फार थोड्या दाबानें वाहत असे, आणि नळ तें सहज सोशीत.

दाब वाढला कीं गोष्ट पालटते. अम्लांत बुडविलेलें लोखंड उज्जवायु शोषून ठिसूळ होतें, हें विल्यम जॉन्सन यांनीं 1875 सालींच दाखवून दिलें होतें. पुढें जर्मनींत कार्ल बॉश यांनीं कृत्रिम अमोनिया करण्यासाठीं पोलादी नळ्यांत हा वायु प्रचंड दाबाखालीं तापविला. सुमारें 80 तासांत नळ्या फुटल्या! तप्त उज्जवायु पोलादांतील कर्ब ओढून घेत होता. बॉश यांनीं आंत मऊ लोखंडाचें अस्तर घातलें व बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक छिद्रें पाडलीं. अस्तरांतून झिरपलेला वायु त्यांतून निसटूं लागला आणि कवच बचावलें. याच युक्तीच्या बळावर 1913 सालीं ओपाऊ येथील कारखाना चालूं झाला.

थंड वायु नेणें त्या मानानें सोपें. जर्मनीच्या रूर प्रांतांत 1938 सालीं कारखान्याकारखान्यांना जोडणारा शुद्ध उज्जवायूचा नळमार्ग सुरू झाला. तो वाढत वाढत सुमारें 240 किलोमीटर लांबीचा झाला. हा वायु नळांतून सुरक्षितपणें नेतां येतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

तथापि कारखान्यांतील ग्राहक मोजके असतात. घरोघरीं पोंचावयाचें तर प्रश्न निराळा. ब्रिटनमध्यें 1967 ते 1977 या दहा वर्षांत कोळशाच्या ग्यासऐवजीं नैसर्गिक वायु आला. तेव्हां घरोघरीं जाऊन शेगड्या व बंब मिळून सुमारें 4 कोटी उपकरणें बदलावीं अथवा सुधारावीं लागलीं, कारण एका वायूसाठीं केलेली चूल दुसऱ्या वायूला चालत नाहीं.

आज नैसर्गिक वायूच्या नळांतच उज्जवायु सोडावा, अशी सूचना अनेक देशांत पुढें आली आहे. त्यांत बचतीचा मोह आहे. परंतु सारख्याच आकारमानांत व दाबांत उज्जवायु नैसर्गिक वायूच्या सुमारें एक तृतीयांशच उष्णता देतो. तेवढीच उष्णता हवी तर वेग किंवा दाब वाढवावा लागणार, आणि दाबाखालीं पोलादांतील बारीक चिरा वाढण्याचें भय आहे. म्हणून जमिनीखालील नळाचें पोलाद, त्याचे सांधे आणि वरच्या घरांतील शेगडी, हीं तिन्ही आधीं तपासावीं. बॉश यांना नळ्या फुटल्यावर हें कळलें. त्या नळ्या प्रयोगशाळेंत होत्या, आपले नळ मात्र वस्तींतून जाणार आहेत.