जुन्या शिकारी सुऱ्याचे वय

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी एके दिवशी कापडात गुंडाळलेला सुरा घेऊन आला. वीतभर लांबीचे पाते, सांबरशिंगाची मूठ, चामड्याचे म्यान. म्हणाला, "सर, आमच्या खापरपणजोबांना अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीत एका इंग्रज साहेबानं दिलेला आहे हा. घरी दसऱ्याला पूजा होते याची."

मी सुरा उजेडात धरला. मुठीलगत पात्याला धार नसते, तेवढ्या जागेत बारीक अक्षरे होती. मधोमध मुकुट, त्याच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर', खाली जोसेफ रॉजर्स यांचे नाव आणि शेवटी 'शेफील्ड, इंग्लंड'. मी त्याला म्हटले, "सुरा अस्सल दिसतो, पण सत्तावन्नचा नाही." पोराचा चेहरा उतरला. "मग आजीला काय सांगू?" असे त्याने विचारले.

श्रोतेहो, या प्रश्नाकडे मी शेवटी येईन. आधी सुऱ्याचे वय ठरवतात कसे ते पाहू.

सुरा कागदपत्रांसारखाच पुरावा आहे आणि त्याचा मजकूर पात्यावर असतो. इंग्लंडातील शेफील्ड हे गाव चाकूसुऱ्यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. तिथल्या कारागिरांचा संघ १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला आणि कोणाची खूण कोणती, याची नोंद तो ठेवू लागला. रॉजर्स यांची तारा आणि क्रूस ही खूण १६८२ सालची. आता कोणी म्हणेल, "खूण १६८२ ची, तेव्हा सुराही तेव्हाचा!" असे नव्हे. खूण पिढ्यान् पिढ्या चालते. ती कधी सुरू झाली एवढेच त्या सालावरून कळते.

राजाची अक्षरे अधिक उपयोगी. 'व्ही. आर.' म्हणजे व्हिक्टोरिया राणी. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१. 'डब्ल्यू. आर.' असेल तर चौथा विल्यम, १८३० ते १८३७. 'जी. आर.' मात्र फसवे आहे. जॉर्ज नावाचा एक राजा १८३० साली वारला आणि त्याच नावाचा दुसरा १९१० मध्ये गादीवर आला. अशा वेळी दुसरा साक्षीदार शोधावा लागतो.

तो साक्षीदार म्हणजे देशाचे नाव. जर्मनीतील झोलिंगेन गावचा माल शेफील्डच्या नावाने खपतो, अशी इंग्रज कारखानदारांची ओरड होती. तेव्हा १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला, की ब्रिटिश असल्याचा भास होणाऱ्या परदेशी मालावर तो कुठला ते स्पष्ट लिहावे. पुढे १८९० मध्ये अमेरिकेने जकातीचा कायदा केला आणि १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे झाले. त्याआधी नुसते 'शेफील्ड' पुरत असे. आता त्याखाली 'इंग्लंड' येऊ लागले. कारखानदार हिंदुस्थानासाठी एक आणि अमेरिकेसाठी दुसरा असे दोन शिक्के ठेवतोच असे नाही. म्हणून 'इंग्लंड' दिसले की सुरा बहुधा १८९१ नंतरचा धरावा. त्याला 'व्ही. आर.' ची जोड दिली, तर आमच्या विद्यार्थ्याचा सुरा १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत येऊन बसतो.

पात्याचे पोलादही बोलते. गंज न चढणारे पोलाद शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये तयार केले. पात्यावर 'स्टेनलेस' हा शब्द असेल तर सुरा त्याआधीचा असूच शकत नाही. उलट अनुमान मात्र काढू नये. लिंबू कापल्यावर काळे पडणारे साधे पोलाद नंतरही वापरात राहिलेच. अमेरिकेतल्या मार्बल कंपनीच्या एका शिकारी सुऱ्यावर १९१६ साल कोरलेले असते. ते पेटंटचे साल. तो सुरा पुढे कित्येक वर्षे बनत होता. या सगळ्यांत सोय केली ती केस नावाच्या अमेरिकन कंपनीने. १९७० मध्ये तिने आपल्या घडीच्या चाकूंवर दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एकेक कमी केला. सहा ठिपके मोजा, साल १९७४! पण असे सरळ हिशेब विरळा.

आता मूठ. शिकारी सुऱ्याला सांबरशिंग फार मानाचे, कारण ते आतून भरीव असते आणि खरखरीतपणामुळे ओल्या हातातून निसटत नाही. सांबराची शिंगे गळून पडतात, पुन्हा येतात. आपल्या जंगलांत गोळा झालेली शिंगे जहाजाने शेफील्डला आणि झोलिंगेनला जात. आपल्याकडे आजीबाई जे सांबरशिंग सहाणेवर उगाळीत, तेच विलायतेत साहेबाच्या सुऱ्याची मूठ होई आणि त्यातले काही पुन्हा इकडे शिकारीला येई! पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे ते दिवस सरले.

एक विनंती आहे. घरी असा सुरा असेल तर तो लख्ख करण्यासाठी शिकलगाराकडे देऊ नका. सहाणेवर घासू नका. वर्षानुवर्षांची काळपट झाक आणि ती बारीक अक्षरे एकदा गेली, की पुरावा गेला. मऊ फडक्याने हलकेच तेल पुसावे, एवढे पुरे.

विद्यार्थ्याला मी सांगितले, "आजीला निकाल सांगू नकोस. आधी विचार." आठवड्याने तो हसतच आला. आजी म्हणाली होती, "अरे, माझे आजेसासरे सत्तावन्न साली जन्मले तरी होते का? साहेब शिकारीला आला, हे हाकाऱ्यांत होते, जाताना त्यानं सुरा दिला, असं मामंजी सांगायचे. ते सत्तावन्न तुझ्या मोठ्या काकानं लग्नाकार्यात सांगून सांगून चिकटवलंय!"

म्हणजे पात्याने सांगितले ते आणि आजीने सांगितले ते जुळत होते. खोटे होते ते मधल्या पिढीने घातलेले साल. मी त्याला एक चिठ्ठी करायला लावली. वरच्या बाजूला पात्यावरची अक्षरे जशीच्या तशी, खाली आजीचे शब्द, आणि ते कधी ऐकले त्या दिवसाची तारीख. ती चिठ्ठी आता म्यानाबरोबर असते. दसऱ्याला सुऱ्याची पूजा पूर्वीसारखीच होते.